देवरीला न पोहोचलेले पाठ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत रोज सकाळी टपरीवर चहा पितो त्या मित्राला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुम्हाला सांगतो आहे, असं समजू नका. अनोळखी माणसाला पाच मिनिटांत ओळखीचा करून टाकायचा रोग मला लहानपणापासून आहे. बसा जरा. गोष्ट माझी आहे, आणि तिच्यात मी वाईट दिसतो — हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर माझ्या सांगण्याच्या ढंगावर भाळून तुम्ही मलाच नायक समजाल. एकदा तसं झालेलं आहे. तीच तर गोष्ट.

मी गोंदियात एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळतो. संस्थेच्या शाळा आणि वसतिगृहं चार ठिकाणी — गोंदिया, आमगाव, अर्जुनी, देवरी. लोक मला कापगते सर म्हणतात. शिकवत मी कोणालाच नाही. वायरी जोडतो आणि पासवर्ड विसरलेल्यांची मजा बघतो. पण हे पोटासाठी. माझा जीव आहे नाटकात. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते — भाजीची नव्हे, जत्रा — आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांत मी वर्षानुवर्षं डॉक्टर झालो. नायक नको, खलनायक नको — डॉक्टर! सगळे रडत असतात, डॉक्टर आतून येतो, चष्मा काढतो, पुसतो, काहीच बोलत नाही. आणि ते न बोलणं मी इतकं ताणायचो की पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडात धरायच्या. मग मी म्हणायचो, “पेशंट वाचला.” टाळ्या! औषध कोणतं दिलं हे कधी कोणी विचारलं आहे का?

आता थोडं यंत्राचं. घाबरू नका, एवढंच कळलं की पुढचं सगळं कळेल.

आमच्या फायली वेगवेगळ्या गावच्या सर्व्हरवर आहेत, पण वापरणाऱ्याला सगळं एकाच कपाटात असल्यासारखं दिसतं. अशी व्यवस्था असते, तिला वितरित फाइल सिस्टीम म्हणतात. त्या कपाटातला एक कप्पा दहावीच्या पाठांचा. तो होता गोंदियाच्या सर्व्हरवर. आणि देवरीच्या रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी कोणतं तरी जेसीबी आमची केबल तोडायचं. केबल तुटली की देवरीच्या मुलींसमोर कोरा पडदा. म्हणून मी एक छान सोय केली. त्या कप्प्याच्या फक्त वाचायच्या प्रती तयार केल्या — एक गोंदियातच, मूळ प्रतीच्या शेजारी, आणि एकेक आमगाव, अर्जुनी, देवरीला. लिहायचं ते मूळ प्रतीत. वाचणाऱ्याला त्याच्या गावची प्रत मिळते. केबल तुटो, गोंदियाची वीज जावो, अख्खं गोंदिया पाण्यात बुडो — देवरीची मुलगी आपली वाचत राहते. आणि फक्त वाचायची असल्यामुळे ती प्रत कोणाला बिघडवताही येत नाही.

एकच मेख आहे. मूळ प्रतीत काही बदललं तर बाकीच्या प्रतींना ते कळत नाही. त्यासाठी एक हुकूम द्यावा लागतो — ‘रिलीज’. तो दिला की मूळ प्रतीचं त्या क्षणाचं रूप सगळीकडे जातं. नाही दिला तर जुनंच राहतं, महिनोन्‌महिने. आणि हे बरोबरच आहे. शिजवता शिजवता भात कोणी पंगतीत वाढत नाही.

आमच्या बापजाद्यांनी तलाव बांधले, म्हणून मला हे लवकर समजलं असावं. तलाव काठोकाठ भरलेला असला तरी तुडुम — म्हणजे पाणी सोडायचं तोंड — उघडल्याशिवाय खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, थेंब जात नाही. कोणीतरी जाऊन तो उघडावा लागतो. आमच्या व्यवस्थेत तो कोणीतरी म्हणजे मी.

पण संस्थेच्या सभेत जेव्हा कोणीतरी विचारलं, “प्रती ताज्या कशा राहतील?” तेव्हा मी काय म्हणालो? मी हात पसरून म्हणालो, “आपोआप! रोज! तुम्ही फक्त लिहा, बाकी यंत्रावर सोडा.” काय मस्त वाटलं होतं म्हणताना. तसं करता येतं, खोटं नाही — यंत्राला एक ओळ लिहून द्यायची, की रोज ठरल्या वेळी रिलीज कर. ती ओळ मी लिहिलेली नव्हती. उद्या लिहू म्हणालो. तुम्हाला माहीत आहे उद्याचं काय होतं.

इथपर्यंत मी फक्त आळशी आणि बढाईखोर आहे. एवढंच असतं तर लिहायला बसलो असतो का?

आता सुनंदा मेश्राम. देवरीच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचे वडील तांदळाच्या गिरणीत हमाली करायचे, आणि घरातली शिकून मास्तरीण झालेली ही पहिली. वसतिगृहात गोंडी बोलणाऱ्या मुली, छत्तीसगढी बोलणाऱ्या मुली. त्यांना आमचे जुने पाठ कळायचेच नाहीत. कळणार कसे? पाठात द्राक्षाचे मळे आणि उसाचे फड! सुनंदाबाईंनी अख्ख्या उन्हाळ्यात ते पाठ बदलून काढले. द्राक्ष गेलं, मोह आला. उसाच्या कांडीऐवजी धानाचं पऱ्हं, म्हणजे लावणीचं रोप, आलं. आणि चुका — त्या तर किती! जुन्या पाठात मानवी हृदयाला तीन कप्पे होते. कोणी टंकलं होतं कोण जाणे. बाई पंख्याखाली बसून, केबल जिवंत असेल तेवढ्या वेळात, देवरीहून थेट गोंदियाच्या मूळ प्रतीत लिहायच्या. त्यासाठीची वेगळी वाट मीच त्यांना करून दिली होती. लिहिलेलं त्यांना त्यांच्या पडद्यावर दिसायचं. बाकी जगाला दिसायचं जुनंच. हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या लक्षात असायला हवं होतं.

सत्र सुरू व्हायच्या वेळी देवरीला कार्यक्रम ठरला. संस्थेचे सचिव आले, गावचे लोक आले, मुली तेल लावलेल्या वेण्या घालून बसल्या. मीही जीपमधून गेलो — पहिल्या रांगेत, अर्थातच. सुनंदाबाईंनी निळी साडी नेसली होती. सभागृहातल्या मशीनवर पाठ उघडला. पडद्यावर द्राक्षाचा मळा.

त्यांनी दुसरा पाठ उघडला. हृदय. सचिवांनी मोठ्यानं वाचलं, “मानवी हृदयाला तीन कप्पे असतात.” मग हसले. “बाई, चौथा कुठं गेला?”

सगळे हसले. मुलीसुद्धा, मोठे हसले म्हणून.

“मी तं सेव्ह केलं होतं जी,” सुनंदाबाई म्हणाल्या. “माह्या मशीनवर दिसून राहिलं ना. चला, दाखवतो.”

आणि मग मागच्या रांगेतून एक वाक्य आलं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यात पाठांबद्दल काही नव्हतं, यंत्राबद्दल काही नव्हतं. बाई कोणत्या मोहल्ल्यातून आल्या त्याबद्दल होतं, आणि अशा लोकांना जागा मिळतात पण काम जमत नाही, अशा अर्थाचं होतं. हळू आवाजात होतं, पण हळू आवाजातली वाक्यं पहिल्या रांगेपर्यंत नेमकी येतात. नाटकवाल्याला विचारा.

मला सगळं कळलेलं होतं बरं का. द्राक्षाचा मळा दिसला त्या क्षणीच कळलं होतं. रिलीज दिलेला नाही. ती ओळ लिहिलेली नाही. बाईंचं काम गोंदियात आहे, अक्षर न्‌ अक्षर आहे. मी उभा राहून म्हणायचं होतं, “थांबा, चूक माझी आहे.” किती शब्द आहेत? लहान पोरगंही म्हणू शकेल.

मी उभा राहिलो. चष्मा काढला. पुसला.

आणि म्हणालो, “मॅडम, सेव्ह करायचं राहिलं असेल. तुमच्या पडद्यावर दिसतं ते फक्त तुमच्या मशीनच्या आठवणीतलं. खरं लिहिलं गेलेलं नसतं. होतं असं.” मग थांबलो. ताणलं. “बघतो, काही वाचवता येतं का.”

झालं. हे आहे ते. इतकी वळणं घेत आलो, पण ते एवढंच आहे.

नाही — एवढंच नाही. पुढचंही सांगायला हवं, कारण पुढचं मी मजेनं केलं. मी लॅपटॉप मागवला. चहा मागवला. “कृपया कोणी बोलू नका,” म्हणालो. काळ्या पडद्यावर काहीबाही हुकूम देत बसलो — निरर्थक, नुसत्या फायलींच्या याद्या सरसर वर जाव्यात म्हणून. कपाळाला हात लावला. मान हलवली. एकदा तर “अरे देवा” असं पुटपुटलो, जेमतेम ऐकू जाईल एवढं. सचिव खुर्ची ओढून जवळ आले. मुली श्वास धरून. आणि शेवटी, सगळं सभागृह माझ्या मुठीत आल्यावर, तो एक हुकूम दिला. केबल नेमकी त्या दिवशी शाबूत होती. पडद्यावर मोहाचं झाड आलं. हृदयाला चार कप्पे आले.

टाळ्या! अशा टाळ्या मला मंडईत कधी मिळाल्या नाहीत. मला शाल दिली, नारळ दिला. पाणी अडवून बसलेला मी, आणि पाणी आणलं म्हणून हारही माझ्याच गळ्यात. तुम्ही त्या क्षणी माझं तोंड बघायला हवं होतं — किंवा नको. टाळ्या वाजवणाऱ्यांत सुनंदाबाईही होत्या. डोळे भरलेले होते त्यांचे. जाताना म्हणाल्या, “सर, तुमी होते म्हून.”

त्याच आठवड्यात मी ती ओळ गुपचूप लिहून टाकली. परत असं कधी झालं नाही. यंत्र सुधारलं, असं म्हणा.

पण बाई? त्यांनी पाठ लिहिणं सोडलं. शिकवतात अजून, उत्तम शिकवतात. पण संगणकावर काही नवं करायचं म्हटलं की हात मागे. “माह्या हातानं जाते जी सारं,” म्हणायच्या, आणि हसायच्या. इतकी वर्षं झाली, अभ्यासक्रम बदलला, पाठ तेच राहिले. दर हिवाळ्यात देवरीहून कोणाच्या तरी हाती माझ्यासाठी सीताफळांची पिशवी यायची. जंगलातली, गोड. ‘सरांनी काम वाचवलं होतं’ म्हणून. आणि मी ती खायचो. बिया अंगणात थुंकायचो. सांगा मला, घास घशात अडकायला नको होता का? एकदाही अडकला नाही.

मग नुकतीच एक सभा झाली. चारही ठिकाणांसाठी नवे पाठ करायचे, मराठीसोबत गोंडीत आणि छत्तीसगढीतही. सगळ्या मुलींच्या कामाचं काम. प्रमुख कोण? सगळ्यांनी सुनंदाबाईंकडे बघितलं, कारण दुसरं कोण आहे? आणि त्या भर सभेत म्हणाल्या, “नाही जी. मी एकदा सारं गमावून बसली होती. कापगते सर होते म्हून वाचलं. मी हे काम नाही घेत.”

संकोच नव्हता त्या आवाजात. तेच तर वाईट होतं. माझं खोटं त्यांना इतकं पटलेलं होतं की त्या ते स्वतःच्या तोंडानं, सरळ मानेनं सांगत होत्या. उत्तर द्यायला त्यांना पंधरवड्याची मुदत दिली. मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

इथपर्यंत लिहिलं आणि लिहिणं थांबवलं. वाचून पाहिलं. फार छान जमलं होतं हो! टाळ्यांचा प्रसंग तर फारच. तेव्हा लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे, फक्त प्रेक्षक बदललेत. कागद तसाच ठेवला आणि सकाळच्या बसने देवरीला गेलो.

मधल्या सुट्टीत सुनंदाबाई प्रयोगशाळेत होत्या, परीक्षानळ्या धूत. म्हणाल्या, “या सर, बसा. चहा मांडू?” मी उभाच राहिलो. वाटेत अख्खं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य आलं नाही. नुसतं म्हणालो, तुमचे पाठ गेले नव्हते. तुम्ही सेव्ह केले होते. ते पुढे पाठवायचं माझ्याकडून राहिलं होतं, आणि मी तुमच्यावर ढकललं.

त्यांनी नळ बंद केला.

“पयलेपासून मालूम होतं तुमाले?”

“हो.”

“तो लॅपटॉप, तो चहा, ते अरे देवा —”

“नाटक होतं.”

मला वाटलं आता रागावतील. किंवा — खरं सांगू? — मनात कुठंतरी वाटलं की हसतील, ‘काय सर तुमी पण’ म्हणतील. त्यांनी हात पदराला पुसले.

“मागून तो मानूस बोल्ला होता. ते आयकलं होतं तुमी?”

मी हे विसरलो असेन असं त्यांना वाटत नव्हतं. मी ऐकलंच नसेल, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. ऐकलं असतं तर सर बोललेच असते, असं.

“ऐकलं होतं,” मी म्हणालो.

“आन मंग म्हनले, सेव्ह करायचं राहिलं असल.”

“हो.”

बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. सुनंदाबाईंनी एकेक नळी उपडी करून रॅकमध्ये लावली. मग म्हणाल्या, “मले सांगून काय होते? मी तं एकटी आहो. ज्याईनं आयकलं त्याईले सांगा. सभेत.” आणि दाराशी जाऊन थांबल्या. “आन तो रिलीजचा हुकूम कसा देतेत ते मले लिहून द्या. माहे पाठ कवा जातीन ते मी ठरवीन.”

पुढच्या सभेत मी सांगितलं. चार वाक्यांत. चष्म्याला हात लावला नाही. सचिवांनी विचारलं, “म्हणजे ते गेलंच नव्हतं?” मी म्हणालो, नव्हतं. मागून तेव्हा काय बोललं गेलं आणि मी ते ऐकून गप्प बसलो, हेही सांगितलं. बोलणारा तिथेच होता. तो टेबलाकडे बघत राहिला. कोणी काही बोललं नाही. खरं तर नाटकवाल्याला शांततेचे सगळे प्रकार ओळखता यायला हवेत. हा मला नवा होता.

त्या शांततेत सुनंदाबाईंनी आपली खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, “पाठांचं काम मी घेऊन राहिली. सर बोल्ले म्हून नाही. मले तवाबी जमत होतं म्हून.” आणि पर्समधून घड्या घातलेले कागद काढले. कामाची अख्खी आखणी होती — मुलींकडून गोंडी शब्द कसे घ्यायचे, कोणता धडा आधी, अर्जुनीत कोण, आमगावात कोण. ती एका रात्रीत झालेली नव्हती. ती त्यांच्याजवळ वर्षानुवर्षं होती, असं मला वाटतं. मी विचारलं नाही. विचारायचा माझा काय हक्क?

आता रिलीज त्या देतात. आपोआपची ती ओळ मी त्यांच्या सांगण्यावरून काढून टाकली. एखादा पाठ त्यांच्या मनाजोगता झाला की हुकूम सुटतो, आणि चारही गावांत तो एकसारखा उघडतो. अर्जुनीच्या मास्तरांनी सांगितलं, एका मुलीनं गोंडीतला पाठ वाचून विचारलं, हे पुस्तकात लिहिता येतं? माझ्याशी बाई कामापुरतं बोलतात. पूर्वी घरची विचारपूस करायच्या, ती नाही.

परवा फोन आला त्यांचा.

“सर, मी रिलीज दिला. माह्या यादीत आमगावच्या प्रतीपुढं जुनीच तारीख दिसून राहिली. काऊन?”

काऊन? दुरुस्तीसाठी मी आमगावचा सर्व्हर बंद केला होता आणि परत चालू करायचा विसरलो होतो. बंद सर्व्हरपर्यंत हुकूम पोहोचत नाही. पण तोंडात काय आलं, सांगू? आमगावची वीज. लगेच, तयार, मीठमसाला लावून. त्या भागात वीज जातेच, कोणालाही पटलं असतं. जिभेच्या टोकाशी येऊन बसली होती ती वीज.

“माझ्याकडून राहिलं, मॅडम. सर्व्हर मीच बंद ठेवला आहे.”

“मंग करा चालू,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी केला.